मनुष्यानंतर कोण?

मनुष्यजातीनंतर या पृथ्वीवर कोण नांदेल, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. माळशेज घाटाच्या कड्याखालीं किंवा माहुलीच्या सुळक्यांपाशीं उभें राहिलें म्हणजे मुरबाड-शहापुराकडील साध्या शेतकऱ्यासही तो सुचावा. हा काळा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं तप्त रसरूपानें वाहत येऊन थरावर थर असा थिजला. त्याच सुमारास डायनोसॉर नांवाचे अजस्र प्राणी, त्यांतील पक्ष्यांचें कुळ वगळतां, नष्ट झाले. मेक्सिकोच्या बाजूस आकाशांतून कोसळलेला प्रचंड धोंडा हें त्याचें मुख्य कारण असें बहुतेक शास्त्रज्ञ मानितात. आमच्या या लाव्ह्याचा त्यांत हात किती, याविषयीं वाद आहे. मोकळी झालेली भूमि मागें उरलेल्या लहानसहान सस्तन प्राण्यांस मिळाली. ते अधिक भले होते असें कोणी म्हणत नाहीं. घर रिकामें झालें आणि ते जिवंत होते. तेव्हां मागून येतो तो अधिक योग्य, असा नियम निदान या खडकांत तरी लिहिलेला नाहीं.

आतां मनुष्याचा वारस यंत्र होईल असें सांगणारे विद्वान निघाले आहेत. अमेरिकेंतील यंत्रमानवशास्त्रज्ञ हान्स मोराव्हेक यांनीं १९८८ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा यंत्रांस मनुष्याच्या मनाचीं लेंकरें म्हटलें, व पुढें तींच आपली जागा घेतील असें भाकीत केलें. वारस बुद्धीनें थोर असेल तर मनुष्यानें समाधानानें बाजूस व्हावें, असेंही या मताचे कित्येक लोक म्हणतात.

हा युक्तिवाद आमच्या तालुक्यांस नवा नाहीं. तानसेचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. पुढें वैतरणा व भातसा यांचेंही पाणी मुंबईस गेलें. मुंबईस तहान नाहीं असें कोण म्हणेल? परंतु भर उन्हाळ्यांत शहापुरांतील पाड्यांवरच्या बाया हंडे मांडून टँकरची वाट पाहतात, तेव्हां मोठ्याची गरज निराळी आणि मोठ्याचा हक्क निराळा, हें त्यांस शिकवावें लागत नाहीं.

‘लेंकरें’ या शब्दापाशीं मात्र आम्ही थोडें थांबतों. मुलगा मंदबुद्धीचा आहे म्हणून मुरबाडचा शेतकरी आपलें शेत हुषार परक्याच्या नांवें करून देत नाहीं, आणि त्यास कोणी अविचारी म्हणत नाहीं. लेंकरूं घरांत वाढल्यानें आपलें होतें. मग हें यंत्र कोणाच्या घरांत वाढत आहे? आजचीं बोलकीं यंत्रें मनुष्यांनीं लिहून ठेविलेल्या मजकुरावर शिकविलीं जातात. १८८२ सालीं निघालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत कातकऱ्यांचें वर्णन आहे. तें इतरांनीं केलेलें, कातकऱ्यांनीं नव्हे. असा वारस कातकऱ्यास ओळखीलच, तर पाहणाऱ्यांच्या शब्दांतून ओळखील. कोणता कंद उकडून खावा, कोणाचा कडूपणा आधीं काढावा, रुसून गेलेल्या सुनेस कसें परत आणावें, हें ज्या म्हातारीच्या केवळ तोंडीं आहे, तिचें त्यास काय कळणार?

आमच्या मंडळ्यांत लिहितां-वाचतां येणारे तरुण पुष्कळ आहेत. भातलावणी आटोपल्यावर त्यांतील एखाद्यानें तिच्या झोपडीपाशीं बसून, तिची परवानगी घेऊन, तिच्याच शब्दांत तें उतरून घ्यावें. यंत्र पुढें येवो वा न येवो, तिच्या नातवंडांस तें वाचावयास मिळेल.