वेताळाची अट

उत्तर ठाऊक असताना गप्प बसणं हे पाप आहे का? हा प्रश्न मला कुठल्या ग्रंथाने घातला नाही, 'कौन बनेगा करोडपती'ने घातला. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झाले. घर उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये; मूळ पुरुष शिंद्यांच्या पदरी माळव्यात आले ते इथलेच झाले. कार्यक्रम हिंदीत आणि त्यावरचे वाद मराठीत, असं आमच्या घरी चालतं. रात्रीचा भाग पाहिला की सकाळी कोठी रोडवर फिरायला येणाऱ्या आम्हा बायकांत त्याचीच चर्चा. कुणी पर्यायांवर बोलतं, कुणी म्हणतं त्याने खेळ सोडायला नको होता. या चर्चेत एक वाक्य इतक्या जणींच्या तोंडून आणि इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ते ऐकलं की मनाला टोचतं. "मला येत होतं हो, पण बोलले नाही."

का बोलल्या नाहीत? घरातले पुरुष जोरात दुसरंच उत्तर सांगत होते म्हणून. सून समोर होती, चुकलं तर काय वाटेल म्हणून. बाईमाणसाने मध्ये कशाला बोलायचं, अशी लहानपणापासूनची सवय म्हणून.

ज्या गावात आम्ही राहतो, त्या गावाच्या राजाला हे चाललं नसतं. वेताळाने विक्रमाला घातलेली अट सगळ्यांना पाठ आहे. बोललास तर मी परत झाडावर जाईन. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. १९८५ साली रामानंद सागरांची 'विक्रम और बेताल' ही मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा आमच्या गल्लीतली मुलंसुद्धा पाठीवर धाकट्या भावाला घेऊन ही अट म्हणत फिरायची. अरुण गोविल विक्रम आणि सज्जन वेताळ झाले होते. चक्रतीर्थाच्या स्मशानाकडे बोट दाखवून "इथूनच राजा गेला होता" असं सांगणारे आजोबा तेव्हा घरोघरी होते. खरं तर अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त ही गोष्ट लिहिली, तेव्हा तिचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. पुढे लोकांनी ती उज्जैनच्या विक्रमादित्याला देऊन टाकली. पैठणहून उज्जैनला जुना व्यापारमार्ग होताच. त्या वाटेने गोष्टही आली असेल, असं मला मनापासून वाटतं.

ही अट किती विलक्षण आहे, हे उपनिषदांशेजारी ठेवल्यावर दिसतं. बृहदारण्यकात जनकाच्या सभेत याज्ञवल्क्य शाकल्याला प्रश्न विचारतात. शाकल्याला उत्तर येत नाही आणि त्याचं मस्तक गळून पडतं. तिथे शिक्षा आहे ती ठाऊक नसण्याला. वेताळ ती फिरवतो. ठाऊक नसेल तर माफ. ठाऊक असून लपवलंस तर मात्र डोकं राहणार नाही. विद्वानांच्या सभेतला नियम स्मशानातल्या एका भुताने बदलला, आणि माझ्या मते तो अधिक न्यायाचा केला. अज्ञान हा कुणाचा दोष नसतो. शाळा मिळाली नाही, पुस्तक मिळालं नाही, कुणी सांगितलं नाही, अशी त्याला शंभर कारणं असतात. पण जे कळलं ते दाबून ठेवणं हे आपण ठरवून करतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. टीव्हीवर उत्तर बरोबर आलं की पैसे वाढतात. राजाचं मात्र उलटं होतं. उत्तर बरोबर आलं की वेताळ निसटतो, आणि त्याच अंधारातून पुन्हा झाडापर्यंत जायचं, पुन्हा प्रेत खांद्यावर घ्यायचं. बरोबर उत्तराचं बक्षीस म्हणजे केलेले श्रम पाण्यात. तरीही राजा दर वेळी बोलतो. त्यात शकलं होण्याचं भय आहेच. पण ज्या बारकाईने तो निवाडा करतो, ती नुसत्या भयातून येत नाही. मंदारवतीची गोष्ट पाहा. मेलेल्या मुलीसाठी एकाने तिच्या अस्थी गंगेला नेल्या, एक तिच्या राखेवर झोपडी बांधून राहिला, तिसऱ्याने मंत्र मिळवून तिला जिवंत केलं. तिघेही म्हणतात, ही माझी. पर्याय समोर आहेत, माहिती सगळी दिलेली आहे, कुठलं पुस्तक उघडून उपयोग नाही. राजा म्हणतो, जीव दिला तो बाप झाला, अस्थी नेल्या तो मुलगा झाला, राखेपाशी राहिला तोच नवरा. आपलं काम बुडणार हे ठाऊक असूनही तो कारणासकट पूर्ण उत्तर देतो. सत्य बोलण्याची किंमत ज्याने मोजली, त्याच्याच तोंडी ते शोभतं.

मग चोविसावी गोष्ट येते. एका बापाने एका मुलीशी आणि त्याच्या मुलाने तिच्या आईशी लग्न केलं. त्यांच्या मुलांचं आपसांत नातं काय? राजाला सुचत नाही. तो काही बनवून सांगत नाही, मुकाट्याने चालत राहतो. आणि वेताळ प्रसन्न होतो तो इथे! इतक्या बरोबर उत्तरांनी जे झालं नाही, ते एका खऱ्या मौनाने झालं. ज्या कपटी साधूसाठी राजा ते प्रेत आणत होता, त्याचा डाव वेताळ राजाला सांगतो आणि राजाचा जीव वाचतो.

या मौनाचा सख्खा भाऊ प्रश्नोपनिषदात आहे. सुकेशा भारद्वाज पिप्पलादांना सांगतो, की कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ माझ्याकडे सोळा कलांच्या पुरुषाविषयी विचारायला आला होता. मी त्याला म्हटलं, मला हे ठाऊक नाही. ठाऊक असतं तर का सांगितलं नसतं? खोटं बोलणारा मुळासकट वाळून जातो. राजपुत्र काही न बोलता रथात बसून निघून गेला. केवढा मानाचा प्रसंग आहे हा! एका विद्वानाने राजपुत्रासमोर "ठाऊक नाही" म्हटलं, आणि म्हणूनच पुढे तो प्रश्न घेऊन गुरूच्या दारात उभं राहण्याचा त्याला अधिकार आला. करोडपतीच्या खेळात सहभागी हात जोडून खेळ सोडतो, तेव्हा आमच्या घरी कुणी हळहळतं, कुणी त्याला घाबरट म्हणतं. मला त्याचा आदर वाटतो.

तर बोलणंही धर्म आणि गप्प राहणंही धर्म. कुठलं केव्हा, हे आपल्याला खरोखर काय ठाऊक आहे त्यावर ठरतं. इथेच घरातल्या चर्चेचं मोल आहे. स्टुडिओत उत्तर लॉक झालं की संपलं, घरी "का?" विचारता येतं. पुराणातला प्रश्न आला की सगळे माझ्याकडे पाहतात. एकदा यक्षप्रश्नाचा विषय निघाला. यक्षाने एकच भाऊ जिवंत करतो म्हटल्यावर धर्मराजाने कुणाला मागितलं? नातू ताडकन "नकुल" म्हणाला. मी विचारलं, भीम का नाही? अर्जुन का नाही, युद्ध तर त्याच्याच जोरावर जिंकायचं होतं? तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी दप्तर भरता भरता म्हणाला, "आजी, आया दोन होत्या ना! कुंतीचा एक होताच, माद्रीचा पण एक राहायला हवा." नाव त्याला आदल्या दिवशीही येत होतं. नकुल त्याला त्या सकाळी कळला.

आणि कळणं हे पदवीवाल्यांच्या मालकीचं नाही. २००० साली या खेळात पहिला एक कोटी जिंकणारा मुंबईचा हर्षवर्धन नवाथे स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा होता. २०१९ साली एक कोटी जिंकणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवत होत्या. ज्ञान त्यांच्याकडे त्या खुर्चीत बसल्यावर आलं नाही. चुलीपाशी होत्या तेव्हाही ते होतंच. फरक एवढाच, की त्या खुर्चीत त्यांना कुणीतरी विचारलं आणि त्या बोलल्या.

म्हणून कोठी रोडवरच्या माझ्या मैत्रिणींना आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकीला माझं सांगणं आहे. उत्तर येत असेल तर मोठ्याने सांगा, कारणासकट सांगा. घरातल्या पुरुषांनो, ती बोलत असेल तेव्हा आवाज खाली करा, टीव्हीचाही आणि स्वतःचाही. आणि मूल "मला ठाऊक नाही" म्हणालं तर त्याला रागावू नका. वेताळसुद्धा रागावला नव्हता.