वडाला घातलेली तार

टेंभी नाका म्हटलं की ठाणेकराला आधी आठवते ती नवरात्रातली देवी. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या या उत्सवात नाक्यावर मुंगी शिरायला जागा नसते. याच नाक्यावर मुनिसुव्रतस्वामींचं जैन मंदिर आहे. श्रीपाळ राजा आणि मयणासुंदरीच्या कथेशी ठाण्याचं नातं जोडणारं हे तीर्थ ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखलं जातं. अशा जुन्या वस्तीत ग्रिलच्या आत तुळस, गवती चहा आणि मध्येच एखादा उथळ कुंडीतला वीतभर बोन्साय वड दिसतो, फांद्यांना अॅल्युमिनियमची तार गुंडाळलेला. ज्या शेजारात जीवदयेपोटी कांदा-बटाटा घरात येत नाही, तिथे या तारेचा हिशेब कसा लावायचा?

झाडाला जीव आहे हे आपल्याकडे फार पूर्वीच पटवून दिलं गेलं आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज शंका काढतो की झाडं ऐकत नाहीत, पाहत नाहीत, मग त्यांच्यात पंचमहाभूतं कशी? भृगू त्याला एकेक संवेदना दाखवून देतो. जैन विचार अधिक काटेकोर. वनस्पती हा एकेंद्रिय जीव. त्याला इंद्रिय एकच, स्पर्श. आणि तार नेमकी तिथेच बसते.

त्यात उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. बोन्सायवाल्याने हे वाचलं तर त्याला घाम फुटावा. गृहस्थाचं हे व्रत मुख्यतः हालचाल करणाऱ्या, त्रस जीवांपुरतं आहे, ही पळवाट खरी. पण यादी इतकी चपखल बसते की पळवाटेने मन भरत नाही.

शेवटचा आरोप मात्र टिकत नाही. झाड उपाशी ठेवून खुजं केलेलं असतं, हा समज चुकीचा. ते लहान राहतं छाटणीमुळे. दोन-तीन बोटं खोल मातीत ओल टिकते किती? एप्रिल-मेच्या उकाड्यात दोन वेळा पाणी घालावं लागतं, खतही नियमित लागतं. सुट्टीत गावी जायचं तर आधी शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी लागते. (बोन्साय ठेवला की घराची भरभराट खुंटते असं वास्तुवाले सांगतात, खुंटते ती फार तर मालकाची सहल.)

छेद मात्र आहेच. पावसाळा लागला की वड कुंडीतून काढतात, काडीने मुळं विंचरून मोकळी करतात आणि जाड मुळं कापतात. कापल्याजागी पांढरा चीक डवरतो, बोटांना चिकटतो, सुकल्यावर काळा पडतो. मग विटांचा चुरा, रेती आणि खत मिसळून पुन्हा लागवड. महिन्याभरात लालसर कोंब फुटतात. तारेची गोष्ट वेगळी. ती फांदीला वळण लागेपर्यंतच हवी. पण कोकणातल्या पावसात वड असा फोफावतो की काही आठवड्यांतच तार सालीत रुतते आणि मळसूत्रासारखा वळ उमटतो. तो जायला वर्षं लागतात.

हा वळ बांधल्याने उमटत नाही, सोडायला विसरल्याने उमटतो. हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी प्राण घेण्याच्या आधी ‘प्रमत्तयोग’ ही अट घातली आहे. म्हणजे बेफिकिरी, गाफीलपणा. त्या कसोटीवर कात्रीपेक्षा कॅलेंडर महत्त्वाचं ठरतं. वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात १६२५पासून जोपासलेला एक पाइन आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने तो पिढ्यान् पिढ्या सांभाळला. १९४५चा अणुबॉम्ब जेमतेम तीन किलोमीटरवर पडला, त्यातूनही तो वाचला आणि १९७६ साली अमेरिकेला भेट म्हणून गेला. चार शतकं कुणी ना कुणी पाणी घालायला विसरलं नाही, म्हणून तो आहे.

वटपौर्णिमेचं उदाहरण तर दारातलंच. त्या दिवशी ओरबाडलेल्या वडाच्या फांद्या बाजारात येतात, पुजल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. त्यापेक्षा कुंडीतल्या वडाला दोरा गुंडाळणारी बाई शास्त्राच्या जास्त जवळ आहे, कुणी काही म्हणो. कुंडीतलं झाड पुजणं आपल्याला नवं नाही; तुळस वृंदावनातच वाढते, तिच्या मंजिऱ्या खुडल्या जातात, आणि द्वादशीला तिला हात लावायचा नाही हा नियमही पाळला जातो.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत जड आहे. जैन आचारात गृहस्थाला स्वयंपाकपाण्यात घडणारी आरंभी हिंसा क्षम्य धरली आहे, पण कारणावाचून केलेल्या हिंसेला ‘अनर्थदंड’ असं वेगळं नाव आहे, आणि विनाकारण माती खणणं, झाडपाला तोडणं त्यातच येतं. वडाला वळण लावून कुणाचं पोट भरत नाही. हा शौक आहे. नर्सरीतून रोप आणून त्याला तार घालणाऱ्याकडे याला चोख उत्तर नाही. पाखरांच्या विष्ठेतून जुन्या इमारतीच्या ड्रेनेज पाइपवर उगवलेला पिंपळ किंवा वड जो उचलतो, त्याची बाजू बरी. रंगकाम निघालं की तो पिंपळ तसाही कोयत्याने तोडला जाणार, वर मुळांवर अॅसिड ओतलं जाणार. त्याला झुल्यावरच्या कामगाराकडून मुळासकट मागून घेणारे लोक ठाणे-डोंबिवलीत आहेत, आणि त्यांच्या कुंडीतल्या पिंपळाला पुढे तार घातली जातेच.