चेंडूतली हवा, फळ्यावरची नोटीस

३ सप्टेंबर २०१५ची सकाळ. आम्ही तेव्हा बॉस्टनपासून तासाभरावरच्या एका गावात राहत होतो. ऑफिसात कामाला नुकती सुरुवात झाली होती, तोच कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, 'टॉम सुटला!' पाच मिनिटांत सगळी कामं थांबली. एरवी कुणाशी दोन शब्द न बोलणारी हिशेब खात्यातली बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. घरचा मुलगा मोठ्या संकटातून बाहेर आल्यावर वाड्यात जसा आनंद व्हावा, तसा तो आनंद होता. मी अमेरिकी फुटबॉलचा चाहता नव्हतो, पण त्या आनंदाने मलाही धरलं.

टॉम म्हणजे टॉम ब्रेडी, न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. चेंडूतली हवा कमी केल्याच्या प्रकरणात एनएफएल या लीगने त्याला चार सामन्यांसाठी निलंबित केलं होतं. मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी ४० पानी निकाल देऊन ते निलंबन रद्द केलं. ऑफिसात आणि गल्लीत एकच शब्द होता, 'सुटला'. तो शब्द माझ्या मनात तेव्हापासून रुतून बसला आहे. कारण कोर्टाने ब्रेडीला निर्दोष म्हटलंच नव्हतं. चेंडूतली हवा कुणी काढली, काढली की नाही, या प्रश्नाला न्यायाधीशांनी हातही लावला नव्हता. चुकीच्या रीतीने दिलेली शिक्षा टिकणार नाही, एवढंच ते म्हणाले होते.

मूळ सामना १८ जानेवारी २०१५चा, फॉक्सबरोच्या मैदानावरचा. पेट्रियट्सनी इंडियानापोलिस कोल्ट्सना ४५-७ असं हरवलं. या खेळात प्रत्येक संघ आक्रमणासाठी आपापले चेंडू आणतो, आणि त्यांतल्या हवेचा दाब चौरस इंचाला १२.५ ते १३.५ पौंड असावा असा नियम आहे. चेंडू थोडा मऊ असला की पावसात हातात घट्ट बसतो. मध्यंतरात मोजणी झाली तेव्हा पेट्रियट्सचे चेंडू मर्यादेच्या खाली भरले. लीगने टेड वेल्स या वकिलांना चौकशीला नेमलं. मे महिन्यात त्यांचा २४३ पानांचा अहवाल आला. चेंडू सांभाळणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांनी हवा काढली असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, आणि ब्रेडीला त्याची साधारण कल्पना असावी, असा त्याचा सूर होता. पाच दिवसांत शिक्षा झाली. ब्रेडीला चार सामने. संघाला दहा लाख डॉलर दंड, शिवाय नवे खेळाडू निवडण्याच्या दोन संधी गेल्या. ब्रेडीने अपील केलं. ते ऐकायला बसले लीगचे आयुक्त रॉजर गुडेल, म्हणजे ज्यांच्या अधिकारात शिक्षा झाली तेच. त्यांनी शिक्षा कायम ठेवली. ब्रेडीने आपला जुना मोबाइल नष्ट करवून घेतल्याची गोष्टही त्यांनी त्याच्या विरोधात धरली.

त्या वर्षी आमच्या गावात घराघरांत पदार्थविज्ञान शिरलं होतं. माझा मुलगा अकरा वर्षांचा होता. त्याने सायकलच्या दुकानातून दाब मोजायचा काटा आणला, चेंडू बरोबर १३वर भरला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, दुधाचा कॅन आणि कोथिंबिरीची पिशवी बाजूला सारून. सकाळी गणवेश न चढवताच तो स्वयंपाकघरात आला. काटा साडेअकराच्याही खाली थांबला होता. चेंडूला कुणी हात लावला नव्हता. उबदार खोलीत भरलेली हवा थंडीत आकसते, हे मी त्याला सांगायचं म्हणत होतो, ते चेंडूनेच सांगितलं. फॉक्सबरोत त्या संध्याकाळी पाऊस होता, गारठा होता. १२.५वर भरलेला चेंडू १२-१३ अंश सेल्सियसने थंड झाला तर दाब साधारण ११.४वर येतो, हे कागदावरही निघतं. प्रत्यक्ष मोजमापांबद्दल दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांचा वाद मिटला नाही. पण एका खेळाडूवरच्या मायेपोटी कितीतरी लोकांनी वायूचा नियम स्वतः करून पाहिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. चाहता आंधळा असतो असं म्हणतात. मी पाहिलेले चाहते पुरावा शोधत होते. आपल्याला हवा तोच पुरावा शोधत होते हे खरं, पण शोधत होते.

आमच्या शेजारी एक निवृत्त यंत्रकामगार राहायचे. सत्तरी ओलांडलेले, चाळीस वर्षं लेथवर काढलेले. निकालाच्या संध्याकाळी मी घरी आलो तर ते ओट्यावर बसून ती ४० पानं वाचत होते. मुलीकडून छापून आणली होती. हातात लाल पेन. आयुष्यात कोर्टाचा निकाल पहिल्यांदाच वाचतोय, म्हणाले. एका ठिकाणी त्यांनी पान फाटेल इतक्या जोराने रेघ ओढली होती. तिथे 'लॉ ऑफ द शॉप' असे शब्द होते, म्हणजे कारखान्यात रुजलेली, कायद्यासारखी पाळायची रीत. 'हे मला कुणी शिकवायला नको,' ते म्हणाले. खेळाडूला हातात दिलेल्या नियमांत साहित्याच्या चुकीला दंड सांगितला होता. चार सामने घरी बसवू, असं कुठेच नव्हतं. खेळाच्या सचोटीचं धोरण होतं, पण ते संघांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना आणि मुख्य प्रशिक्षकांना पाठवलं जात होतं, खेळाडूंना नाही. बर्मन यांचा पहिला मुद्दा हाच. दुसरा, चौकशीत भाग घेतलेल्या लीगच्या मुख्य वकिलाला प्रश्न विचारू दिले नाहीत. तिसरा, चौकशीची कागदपत्रं बचाव पक्षाला मिळाली नाहीत.

त्या ओट्यावर मला माझे वडील आठवले. ते परळच्या एका गिरणीत साळखात्यात होते. मी शाळेत असताना त्यांना चार्जशीट मिळालं, मुद्दाम काम मंद केल्याचं. चार्जशीट इंग्रजीत. चौकशीला बसले तेच खात्याचे साहेब, ज्यांनी तक्रार केली होती. आठ दिवस सस्पेंड. युनियनचा माणूस घरी आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, 'गेटवरचा फळा वाचलात का?' गेटजवळ स्टँडिंग ऑर्डर्स मराठीत लावलेले असत. १९४६च्या कायद्याने ते बंधनकारक होतं. कोणतं वागणं गुन्हा, त्याला कोणती शिक्षा, चौकशी कशी, हे कामगाराला कळेल अशा भाषेत दरवाजाशी लागलं पाहिजे, अशी अट होती. लेबर कोर्टात चौकशी सदोष ठरली, आठ दिवसांचा पगार मिळाला. चाळीत पेढे वाटले गेले. वडिलांनी मात्र एक पेढाही खाल्ला नाही. 'मी चोख काम केलं असं कोर्ट कुठे म्हणालं?' असं आईला म्हणाले होते. त्यांना निर्दोष ठरायचं होतं. हातात पडली ती चौकशीतली चूक.

म्हणूनच त्या दिवशीचा 'सुटला' हा शब्द मला जड वाटतो. त्या जल्लोषात चाहत्यांना जे हवं होतं ते कोर्टाने दिलं नव्हतं, आणि जे दिलं ते अनेकांना दिसलंच नाही. पण जे दिलं ते लहान नाही. आरोप आधी सांगा, शिक्षा आधी सांगा, कागद दाखवा, प्रश्न विचारू द्या. चार सामने, करोडोंचा खेळाडू आणि पैसेवाली लीग, यात काय एवढं, असं म्हणणारे मला भेटले. त्यांना मी म्हणायचो, हा खटला ब्रेडीच्या नावाने गाजला, पण कोर्टात खेळाडूंची संघटना उभी होती. म्हणजे युनियन. वाद होता तो मालक आणि कामगार यांच्यातल्या कराराचा. परळच्या फळ्याची आणि मॅनहॅटनच्या कोर्टाची गोष्ट एकच होती.

निकालानंतर सात दिवसांनी, १० सप्टेंबरला, हंगामाचा पहिला सामना फॉक्सबरोलाच होता. पेट्रियट्सनी पिट्सबर्गला २८-२१ हरवलं, ब्रेडीने चार टचडाउन पास दिले, आणि 'रॉजर कुठे आहे?' अशी आरोळी मैदानभर घुमत राहिली. आयुक्त आले नव्हते. बाकीच्या देशात चित्र उलटं होतं. इंडियानापोलिसचे, न्यूयॉर्कचे चाहते म्हणत होते, पैसेवाल्याला वकील मिळाला, रडीचा डाव पचला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मला त्या महिन्यात रोज आठवायची, आणि ती दोन्ही बाजूंना लागू होती.

मग २५ एप्रिल २०१६ला वरच्या कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी बर्मन यांचा निकाल फिरवला. खेळाडूंच्या संघटनेने स्वतःच करारात आयुक्तांना इतके अधिकार दिले आहेत, लवाद म्हणून बसलेले आयुक्त कराराच्या चौकटीत राहिले असतील तर कोर्टाने त्यांच्या शहाणपणाची परीक्षा घ्यायची नाही, असं बहुमताचं म्हणणं. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांनी वेगळं मत नोंदवलं. हाताला चेंडू चिकटावा म्हणून डिंकासारखा पदार्थ लावला तर पहिल्या चुकीला ८,२६८ डॉलर दंड, मग या चुकीची तुलना आयुक्तांनी स्टेरॉइडशी का केली, असं त्यांनी विचारलं. मला तो प्रश्न आजही बिनतोड वाटतो. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. बहुमताचा निकाल अन्याय्य नव्हता, तो कडवट होता. करारावर सही करताना आपण काय सोडून देतोय, हे संघटनेने दहा हजारदा वाचायला हवं होतं. गिरणीतल्या माणसांनाही हा धडा फार महाग पडला आहे. ब्रेडीने जुलैत लढा थांबवला, चार सामने घरी बसला, आणि फेब्रुवारी २०१७मध्ये ह्यूस्टनला अटलांटाविरुद्ध ३-२८ अशा पिछाडीवरून ३४-२८ असा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

आपल्याकडेही हे झालं आहे. २०१३च्या आयपीएलमधल्या स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून क्रिकेट मंडळाने केरळचा गोलंदाज श्रीसंत याच्यावर आजीवन बंदी घातली. २०१५मध्ये दिल्लीच्या कोर्टाने फौजदारी खटल्यातून सगळ्या आरोपींना मुक्त केलं, मंडळाने बंदी उठवली नाही. ऑगस्ट २०१७मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ती उठवली, ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने पुन्हा लादली. १५ मार्च २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने आजीवन बंदी रद्द केली, आणि चाहत्यांनी पुन्हा तोच शब्द वापरला, सुटला. प्रत्यक्षात न्यायालयाने दोषाचा निष्कर्ष तसाच ठेवला होता. नियमांत किमान पाच वर्षं आणि कमाल आजीवन अशी तरतूद असताना एकदम टोकाची शिक्षा का, याचा विचार झालेला नाही, तो करा, असं मंडळाला सांगितलं होतं. पुढे लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली.

श्रीसंतच्या मागे केरळ उभं होतं. त्याच दिवशी तीच शिक्षा झालेला आपल्या मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण मात्र कुणाच्या आरोळीत नव्हता. मुंबईचा मुलगा म्हणून कुणी मैदानात फलक धरल्याचं मला आठवत नाही. मीही धरला नाही. शिक्षा योग्य होती की नव्हती हा प्रश्न वेगळा. ती तपासायला कुणी तरी बसलं पाहिजे, एवढीही मागणी आमच्याकडून झाली नाही. त्याची बंदी सात वर्षांवर आणणारा आदेश २०२१मध्ये आला, तेव्हा ती सात वर्षं उलटून काही महिने झाले होते.

२०१६च्या ऑक्टोबरात, ब्रेडी मैदानावर परतला त्या रविवारी, मी शेजाऱ्यांकडे बसलो होतो. टीव्हीशेजारच्या खणात ती ४० पानं होती, कडा पिवळट होऊ लागलेल्या. मध्यंतरात त्यांनी ती काढली आणि लाल रेघांमधून एक जागा दाखवली. तिथे त्या दोन कर्मचाऱ्यांचा उल्लेख होता, चेंडू सांभाळणाऱ्या. समासात त्यांनी मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. या दोघांचं काय झालं, त्यांनी विचारलं. मी शोधून सांगितलं. अहवाल आला त्याच दिवशी संघाने दोघांना बिनपगारी, बेमुदत निलंबित केलं होतं. बर्मन यांचा निकाल आल्यावर त्याच महिन्यात लीगने त्यांना कामावर घ्यायला परवानगी दिली, चेंडूंना हात न लावण्याच्या अटीवर. त्यांच्यासाठी ना संघटना कोर्टात गेली, ना मैदान ओरडलं.

म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. उत्तरार्ध सुरू झाला होता, खोलीतले सगळे ओरडत होते. त्याने पेन काढलं आणि त्या प्रश्नचिन्हाखाली, बिनपगारी राहिलेले आठवडे मोजून लिहिले.