स्नेह आणि संविदा

हैदराबादच्या आबिड्स भागाला नाव मिळाले ते अल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या या गृहस्थांचे दुकान केव्हाच गेले. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. नाव असे तोंडी टिकते, मालकीला मात्र लेख लागतो. परस्परांवर प्रेम करणाऱ्या दोघांनी मिळून मालमत्ता घ्यावयाचे ठरविले, की हा लेख मागण्याचा संकोच आड येतो. प्रेमात हिशेब कसला, असे मन म्हणते. हा संकोच क्षुद्र म्हणून झटकून टाकावा, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या परंपरेनेही तो मानला आहे. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की, विभक्त न झालेले भाऊ, पितापुत्र आणि पतिपत्नी यांच्यात ऋण, जामीनकी व साक्ष संभवत नाही. मात्र एकत्र व्यापार करणाऱ्यांसाठी हीच स्मृती निराळा नियम देते: लाभ आणि हानी ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात, अथवा आधी ठरलेल्या संविदेप्रमाणे. भाड्याच्या उत्पन्नासाठी दुकानाचा गाळा घेणारे जोडपे या दोन्ही नियमांच्या कक्षेत एकाच वेळी येते. आमच्या मते घर पहिल्या नियमाने चालावे आणि गाळा दुसऱ्या.

समजा, आबिड्समधील एका गाळ्यासाठी तिने 30 लाख रुपये दिले, त्याने 20 लाख; भाडेकरू पाहणे, दुरुस्ती, करभरणा ही कामे त्याने सांभाळली. करार नसेल, तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 45 व्या कलमानुसार हिस्से पैशांच्या प्रमाणात, म्हणजे 60 आणि 40 टक्के, ठरतात. कोणी किती दिले याचा पुरावाच नसेल, तर ते समान मानले जातात. पहिल्या वाटणीत त्याचे श्रम हरवतात, दुसरीत तिचे पैसे. कर्ज दोघांच्या नावे असेल, तर बँक त्याची संपूर्ण वसुली एकाकडूनही करू शकते. विवाह झालेला नसेल आणि मृत्युपत्रही नसेल, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृताचा हिस्सा त्याच्या नातलगांकडे जातो. सोबत्याला वारसाचे स्थान नाही.

म्हणून चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: प्रत्येकाचा हिस्सा, श्रमांचे मोल, वेगळे होताना त्रयस्थाने ठरविलेल्या किमतीस दुसऱ्याचा हिस्सा घेण्याचा प्रथम अधिकार, आणि मृत्युपत्र. स्वयंपाकघरातला खर्च, आजारपणातली जागरणे यांची नोंद मात्र कोणी ठेवू नये. ते देणे फेडण्यासाठी नसते.

वियोगाची अट आधीच लिहिणे हा अविश्वास नव्हे काय? आम्हांस उलट वाटते. वितुष्ट आल्यावर प्रत्येक जण आपलीच बाजू मांडतो. स्नेह शाबूत असताना मात्र त्याच्या श्रमांचे मोल लावण्याचा आग्रह ती धरू शकते, आणि तिचे पैसे आधी सुरक्षित व्हावेत असे तो म्हणू शकतो. दुसऱ्याच्या हिताची काळजी दोघांनाही असते, तेव्हाच लिहिलेली संविदा न्याय्य होण्याचा संभव अधिक. पुढे ती उघडण्याची वेळ आली नाही, तरी ती लिहिताना दोघांनी एकमेकांचा विचार केलेला असतो, आणि तो वाया जात नाही.