मृत्युपत्र आणि लेकीचा वाटा



मृत्युपत्र न करता ख्रिस्ती गृहस्थ वारला, तर आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मालमत्तेचा एक तृतीयांश भाग पत्नीला मिळतो, उरलेला मुलगे-मुलींत सारखा वाटला जातो. मृत्युपत्र केले, की मात्र बाप लेकीला वगळू शकतो. ‘तिला लग्नात दिलेच की!’ त्या दागिन्यांचा आणि वाडीच्या आजच्या भावाचा हिशेब कोणी मांडतो का? संत थॉमस अक्वायनस मालमत्ता बाळगण्याचा हक्क मानतात, पण तिच्या वापरात इतरांच्या गरजेलाही जागा देतात. आजारपणात उशाशी बसलेली लेक त्या इतरांतही नाही? चर्चला देणगी लिहिणाऱ्यांनीसुद्धा आधी तिचे नाव लिहावे. साक्षीदार दोन हवेत. ज्याला काही द्यायचे त्याची किंवा त्याच्या जोडीदाराची साक्ष घेऊ नका, त्याचे देणे रद्द ठरते.