तेवढ्यापुरती टाकी

कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग इंजिन चालू असतानाच करावं लागतं. इंजिन तापलेलं हवं, आयडलिंगला हवं, तरच एअर स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे केल्यावर आवाज कसा बदलतो ते कळतं. पण काही गाड्यांत कार्ब्युरेटरपर्यंत नीट हात पोचवायचा तर वरची पेट्रोलची टाकी उतरवावी लागते. टाकी उतरवली की फ्लोट चेंबरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ धुगधुगतं आणि बंद पडतं.

यावरचा गॅरेजमधला उपाय म्हणजे उंचावर टांगलेली एक छोटी टाकी. बरेच जण सलाईनची बाटली उलटी लटकवतात. आमच्या कोल्हापुरातला माझा मिस्त्री त्याला नाक मुरडतो. सलाईनची नळी पेट्रोलने कडक होते, मग तडकते, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. त्याने बिघडलेल्या पॉवर स्प्रेयरची टाकी काढून घेतली आहे. ती मुळातच पेट्रोलसाठी बनलेली, लिटरभराचीही नाही. तिला खाली कॉक, पुढे पेट्रोलचीच रबरी नळी, दोन्ही टोकांना क्लिपा. झाकणाला बारीक भोक ठेवलंय, कारण हवा आत गेली नाही तर पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. नवशिके हे भोक विसरतात आणि तासभर कार्ब्युरेटरला शिव्या देतात.

टाकी कार्ब्युरेटरच्या वर हवी, एवढंच. किती वर, याने फारसं बिघडत नाही. आतला फ्लोट आपली पातळी आपण राखतो. काही गाड्यांचा कॉक इंजिनच्या ओढीवर उघडतो. तिथे टाकी काढल्यावर इनटेककडची उघडी नळी बुजवावी लागते, नाहीतर तिथून हवा शिरते आणि सगळं ट्यूनिंग खोट्या हवेवर होतं. मिस्त्री या टाकीत दोनशे मिलीच्या वर पेट्रोल घालत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. म्हणून शटर पूर्ण उघडं आणि बिडीवाला रस्त्यापलीकडे.

माझ्याकडे मामाची राजदूत ३५० आहे. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाच्या आरडी ३५० वरून इथे आणलेली, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. दोन्हींच्या स्लाईड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. नाहीतर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा नुसता सोबत जातो. (अशा संसारांची उदाहरणं तुम्हालाही सुचतील.) टी-जॉइंट लावून दोन नळ्या सोडायच्या, समोर टेबलफॅन लावायचा कारण उभ्या गाडीला वारा मिळत नाही, आणि मग केबल जुळवत बसायचं. माझे बरेच रविवार यात गेले आहेत.

तर, प्रश्न असा. ही टाकी खोटी आहे की खरी?

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे आधी तिच्या बाजूने बोलतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या त्याच्या ग्रंथात व्यतिरेक पद्धती मांडली: बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदला, परिणाम बदलला, तर त्या गोष्टीचा त्याच्याशी संबंध आहे. वर्गात हे समजावताना पोरं जांभया देतात. गॅरेजात दोन मिनिटांत कळतं. गाडी मिसिंग करते आहे. मूळ टाकीची नळी काढून छोट्या टाकीची जोडा. अजूनही अडखळते? मग दोष बहुधा कार्ब्युरेटरमध्ये किंवा त्याच्या पुढे. सुरळीत चालली? मग टाकी, कॉक, फिल्टर यांच्याकडे बघा. दोष नेमका कुणाचा हे ठरवायला मध्ये एक निर्दोष बदली लागते. घरात, ऑफिसात आपण हे करत नाही. तिथे सगळ्यांवर एकदम चिडतो आणि कुणाचं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणजे छोटी टाकी तपासासाठी आहे. पण जिच्यामुळे खरं काय ते कळतं, तीच टाकी तशीच ठेवली तर ते झाकूनही टाकते. गाडी चालू आहे ना, मग झालं.

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी गॅरेजवर आला. बीए झाला, आता घरपोच जेवण पोचवतो. जुनी कार्ब्युरेटरवाली स्प्लेंडर, चढावर मान टाकणारी. मिस्त्रीने छोटी टाकी जोडली आणि गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली. दोष टाकीत होता. आत गंजाचा चिखल, आणि तळाला टाचणीएवढं भोक, ज्यातून पेट्रोल पाझरत होतं. टाकी उतरवून, धुऊन, झाळून घ्यायला दोन दिवस आणि पैसे. संध्याकाळचे सहा वाजलेले. पोराची कमाई सात ते अकरा.

"सर, मिस्त्रींना सांगा की," तो मला म्हणाला. "ही बारकी टाकीच राहू दे. हँडलला घट्ट बांधतो. पगार झाला की बघतो."

मिस्त्री म्हणाला, "ती रस्त्यावर जात नाही."

"मिस्त्री, चारच दिवस ओ."

"चार दिवसांनी तू येणार नाहीस. गाडी चालत असताना कोण येतंय?"

मी गप्प होतो, कारण दोघांचंही पटत होतं. हँडलला लोंबणारं पेट्रोल, खड्डे, एक धडक, हे डोळ्यांसमोर येत होतं. पण नकार देणाऱ्याचं त्या रात्री काही जाणार नव्हतं, हेही दिसत होतं. सुरक्षिततेचा आग्रह पुष्कळदा ज्याचं पोट त्यावर नाही तोच धरतो. म्हणून तो आग्रह चुकीचा ठरत नाही, पण फुकटचा ठरतो.

जुगाडाचं आपल्याकडे भारी कौतुक आहे, मॅनेजमेंटवाल्यांनी त्यावर पुस्तकंही लिहिली. मला त्या कौतुकाचा कंटाळा येतो. जुगाडाचा फोटो सगळे काढतात, त्यावर बसून घरी जाणाऱ्याचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. मला 'तात्पुरतं' हा शब्द जास्त आवडतो. त्यात माप आहे: तेवढ्यापुरतं, त्याच्यापलीकडे नाही. मला वाटायचं की तात्पुरत्या गोष्टीवर शेवटची तारीख लिहिली की ती प्रामाणिक झाली.

मग माझ्या स्वतःच्या कागदाची आठवण झाली. मी तासिका तत्त्वावर आहे. जितके तास घेतले तितके पैसे, सुट्टीत काही नाही. गेली आठ वर्षं दर वर्षी नवा आदेश येतो आणि त्यावर शेवटची तारीख अगदी ठळक असते. तारखेत काही खोट नाही. मात्र ज्या पदाची मी बदली टाकी आहे ते पद भरण्याचं काम कुठे चालू असल्याचं मला आठ वर्षांत दिसलेलं नाही. वर्ग चालू आहेत, निकाल लागतात, गाडी पळते आहे. छोटी टाकी हँडलला बांधून कुणीतरी निवांत फिरतंय.

तेव्हा तारीख पुरत नाही. बदली लावली आहे तेवढ्या वेळात मूळ टाकी कुठे आहे, ते बघायला हवं. झाळणाऱ्याकडे आहे, की कोपऱ्यात गंजत पडली आहे? एकच बाटली, एकाच खिळ्याला टांगलेली. पहिल्या वेळी ती उपचार आहे, दुसऱ्या वेळी फसवणूक. तिच्याकडे बघून हा फरक कळत नाही, कोपऱ्याकडे बघावं लागतं. आणि फसवणूक असेल तर किंमत बहुतेक वेळा बदलीच चुकवते. टाकीचं ठीक आहे, तिला घरभाडं नसतं.

त्या संध्याकाळी मिस्त्रीने तिसराच मार्ग काढला. स्प्लेंडरची टाकी रिकामी करून गंज खळबळून काढला, कॉकची जाळी साफ केली. तळाच्या भोकावर आधी कपडे धुण्याचा साबण घासला. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, पाझर थांबतो. भोवतीची जागा घासून कोरडी केली आणि वर एम-सील दाबलं. हेही तात्पुरतंच, त्यानेच सांगितलं. फक्त पोराच्या गाडीची किल्ली परत देताना त्याने गाडीचे कागद ठेवून घेतले. "झाळायला टाकी आणशील तेव्हा ने. पोलिसांनी अडवलं तर मला फोन लाव."

मला हे आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. कागद अडकवणं ही जबरदस्ती आहे, आणि दंड झाला असता तर तो पोराला झाला असता. मी तसं म्हटलं. मिस्त्री म्हणाला, "मग सर, तुम्ही जामीन राहा." मी राहिलो. कागद पोराला परत गेले. त्याने साडेसातला पहिली ऑर्डर उचलली.

पगार दहाला होता. दहाला तो आला नाही, पंधरालाही नाही. मी फोन केला नाही. जामीन राहिलेल्याने तगादा लावावा का, यावर माझं मत रोज बदलत होतं. एकोणिसाव्या तारखेला तो सकाळीच आला, टाकी उतरवली आणि उद्यमनगरात झाळायला दिली. दोन दिवस काम करायला त्याने भावाची गाडी आणली होती.