आधी वाचून ये

‘मॅनक्रिकची बायको कुठे आहे?’ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम नोव्हेंबर २००४मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि त्यातल्या बॅरन्स नावाच्या उजाड माळरानावर हा प्रश्न रात्रंदिवस विचारला जाऊ लागला. मॅनक्रिक हा क्रॉसरोड्स नावाच्या ठाण्यावर उभा असलेला एक ऑर्क, म्हणजे गेममधल्या एका काल्पनिक वंशातला योद्धा. डुकरासारखं तोंड असलेल्या टोळीवाल्यांशी झालेल्या लढाईत त्याची बायको बेपत्ता झालेली असते. ती दक्षिणेकडे दिसेनाशी झाली, तिला शोधा, एवढंच तो सांगतो. नकाशावर खूण नाही, दिशा दाखवणारा बाण नाही आणि माळरान तर अफाट. तिचा मृतदेह रस्त्यापासून थोडा आत पडलेला असतो. ज्यांना तो सापडत नसे ते त्या भागाच्या सामायिक चॅटवर विचारत. कोणी नीट सांगे, कोणी मुद्दाम उलट्या दिशेला पिटाळे, तर कोणी ‘मीही तिकडेच निघालोय, चल’ म्हणून अनोळखी माणसाला बरोबर घेई.

उत्तर तेव्हाही उपलब्ध होतं. थॉटबॉट नावाच्या संकेतस्थळावर त्या जागेचे नकाशातले अंक कोणीतरी लिहून ठेवलेले असत; अशा तयार उत्तरांनाच खेळाडू गाइड म्हणतात. पुढे डिसेंबर २००९मध्ये हा गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने गेमच्या नकाशावरच मोहिमांच्या जागा दाखवायला सुरुवात केली. विचारायचं कारण संपलं, तसा विचारणाराही कमी झाला.

एवढ्यावरून ‘गाइड वाईट, भटकणं चांगलं’ असा निकाल देता येत नाही. भटकण्याची किंमत काय होती हे आधी पाहायला हवं. मार्च १९९९मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन गेममध्ये सुरुवातीला नकाशाच नव्हता; तो २००३च्या एका विस्तारात आला. त्या जगात किथिकोर नावाचं एक जंगल आहे. दिवसा तिथून बरेच जण निर्धास्त जात. अंधार पडला की त्याच झाडांमधून बलाढ्य प्रेतयोद्धे उगवत आणि नवखा खेळाडू क्षणात मरे. मेल्यावर तो दूरवर पुन्हा जिवंत होई, पण त्याचं चिलखत, तलवार, सगळी कमाई जंगलातल्या प्रेतावरच राही. ती आणायला निःशस्त्र परत जावं लागे, त्याच जंगलात आणि बहुधा अंधारातच. अशा जगात जाणत्याचा शब्द लाखमोलाचा होता. लोकांनी हाताने नकाशे काढले, ते इंटरनेटवर ठेवले, इतरांनी ते छापून फाइलमध्ये लावले आणि संगणकाशेजारी ठेवून खेळले. गाइडचा जन्म आळसातून झाला असं मानणाऱ्यांनी हे नकाशे आठवावेत. ज्याने रात्रीचं किथिकोर भोगलं, त्यानेच पुढच्याला सावध केलं.

एसेक्स विद्यापीठात १९७८ साली सुरू झालेल्या ‘मड’ या सुरुवातीच्या बहुखेळाडू काल्पनिक जगाचे एक निर्माते रिचर्ड बार्टल यांनी १९९६मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: काहीतरी मिळवणारे, शोध घेणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्यांवर कुरघोडी करणारे. गाइड लिहिण्याची हौस यातल्या दुसऱ्या प्रकाराला सर्वांत जास्त असणार, हे उघड आहे. आपल्याला उलगडलेलं सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि शॉन डंकन या अमेरिकी संशोधकांनी २००८मध्ये ‘वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंच्या १,९८४ नोंदी तपासल्या. त्यांपैकी ८६ टक्के नोंदींमध्ये लोक मिळून ज्ञान रचत होते: अंदाज मांडणं, आकडे देणं, दुसऱ्याचा तर्क खोडणं, नवा सुचवणं. तयार गाइड हे या भांडणांचं आणि मोजदादीचं फळ असतं. वाचणाऱ्याच्या हाती फळ येतं. ते पिकवण्यातली मजा लिहिणाऱ्यांनी आधीच घेतलेली असते.

अर्थात सगळेच तर्क फळाला येत नाहीत. ‘फायनल फँटसी इलेव्हन’ हा २००२चा जपानी गेम आतली गणितं फारशी उघड करत नसे. वस्तू घडवताना पात्राचं तोंड कोणत्या दिशेला असावं, चंद्राची कला कोणती असावी, याबद्दल खेळाडूंमध्ये ठाम समजुती होत्या. माहिती नसली की माणूस शोधक होतो हे खरं. तितक्याच सहज तो मुहूर्तही पाहू लागतो.

एकट्याने खेळायच्या गेममध्ये गाइड वाचायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. कोडं न सुटता तीन दिवस गेले तरी बिघडतं कोणाचं? ऑनलाइन जगात मात्र समोरचा राक्षस दहा, पंचवीस, चाळीस जणांनी मिळून मारायचा असतो. एकाने वाचलं नाही तर सगळे मरतात. म्हणून एकाने वाचलं की सर्वांनी वाचणं ओघाने येतं आणि वैयक्तिक सोय सामूहिक कर्तव्य बनते. नव्या माणसाला ग्रुपमध्ये घेताना पहिला प्रश्न असतो, ‘व्हिडिओ पाहिलास का?’ उत्तर नाही असेल तर, ‘आधी पाहून ये.’

हा बदल आतून कसा घडतो हे मार्क चेन या अभ्यासकाने ‘लीट नूब्स’ या पुस्तकात दाखवलं आहे. ‘वॉरक्राफ्ट’मधल्या मोल्टन कोअर या गुहेत उतरणाऱ्या चाळीस जणांच्या एका गटात तो स्वतः खेळत होता. गट जमला होता तो मुख्यतः मैत्रीवर. गुहेतल्या लढाईचा एक मूलभूत नियम असा: राक्षस ज्याच्यावर सर्वांत चिडलेला असेल त्याच्यावर धावून जातो. जाड चिलखताच्या खेळाडूने, म्हणजे टँकने, तो राग स्वतःवर ओढून घ्यायचा आणि बाकीच्यांनी मागून मारा करायचा. पण मारा इतका जोराचा नको की राक्षस वळून मारणाऱ्यालाच खाईल. राग किती साचला आहे हे गेम सांगत नसे. ते अंगवळणी पडावं लागे. जादूगाराने कधी थांबायचं, टँकला किती उसंत द्यायची, हे एकमेकांना विचारून, मरून, पुन्हा येऊन कळे.

मग केएलएच थ्रेट मीटर नावाचं ॲडऑन, म्हणजे गेमला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, आलं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टी, आणि त्या पट्टीवर राग मोजलेला. सगळ्यांनी ते बसवलं तरच आकडे नीट जमत, म्हणून ते बसवणं बंधनकारक झालं. लढाई सोपी झाली, हरल्यावरची चर्चा छोटी झाली. पूर्वी ‘काय चुकलं असेल?’ असा प्रश्न असे. आता कोणाची पट्टी टँकच्या वर गेली हे सर्वांना दिसे. पुढे तो गट फुटला. त्याला ॲडऑन एकटं कारण नव्हतं. कोणाला पुढे जायचं होतं, कोणाला नुसतं सोबत राहायचं होतं. तरीही या पट्ट्यांनी एक गोष्ट नक्कीच केली. अजून अंदाज येत नसलेल्या माणसाला शिकायला मिळणारा वेळ त्यांनी कमी केला, आणि या लेखाच्या दृष्टीने खरं नुकसान तेच आहे. रहस्य आज ना उद्या फुटतंच. न कळण्याची मुभा गेली की नवखेपणाच गुन्हा ठरतो.

त्याच गुहेच्या तळाशी रॅग्नारोस नावाचा अग्निराक्षस आहे. तो पहिल्यांदा मारला गेला एप्रिल २००५मध्ये, गेम सुरू झाल्यावर सुमारे पाच महिन्यांनी. ऑगस्ट २०१९मध्ये कंपनीने जुना गेम ‘क्लासिक’ नावाने पुन्हा आणला, तेव्हा तो आठवड्याच्या आत पडला. पात्रांची ताकद यावेळी थोडी नंतरच्या आवृत्तीची होती, संगणक आणि इंटरनेटही वेगवान होते. पण मुख्य फरक साठलेल्या ज्ञानाचा. लोकांनी जुनं जग मागितलं होतं आणि ते बरंचसं तसंच मिळालंही. मात्र त्यात उतरणाऱ्यांकडे आता पंधरा वर्षांच्या नोंदी होत्या.

शिकण्याच्या शास्त्रात या वादाला समांतर असा जुना वाद आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५मध्ये दाखवलं की बीजगणित शिकणाऱ्या नवख्यांना सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासून कमी वेळात जास्त येतं. उलट मनू कपूर यांनी भारतातल्या अकरावीच्या विज्ञान विद्यार्थ्यांवर केलेला, २००८मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो की अवघड, धूसर मांडणीच्या प्रश्नांशी गटाने झगडलेली मुलं त्या क्षणी कमी पडली, पण नंतरच्या चाचणीत सरस ठरली. दोन्ही निष्कर्ष मान्य करायला हरकत नाही. ज्याला टँक म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याला आधी सांगावंच लागतं. ज्याला चाल कळली आहे, त्याच्यासमोर प्रत्येक नव्या राक्षसाचं उत्तर आधीच ठेवलं, तर त्याला खेळ येतो कुठे?

‘सगळं स्वतः शोधा’ हा आग्रह मोकळा वेळ असलेल्यांनाच परवडतो, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. ऑगस्ट २००८मध्ये ‘फायनल फँटसी इलेव्हन’मधल्या पँडेमोनियम वॉर्डन या राक्षसाशी एक गट अठरा तासांहून अधिक लढला. काही जण आजारी पडू लागले तेव्हा राक्षस न मारताच त्यांनी माघार घेतली. त्यानंतर कंपनीने त्या लढाईला दोन तासांची मर्यादा घातली. नोकरी आणि घर सांभाळून रात्री दीड तास मिळवणाऱ्या माणसाला मित्रांबरोबर खेळता येतं ते गाइडमुळेच. त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

मग करायचं काय? काही उत्तरं गेम बनवणाऱ्यांनीच दिली आहेत. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये ग्रुपमधल्या कोणी समोरची गुहा पूर्वी पाहिलेली नसेल, तर तसं सर्वांना सांगितलं जातं आणि मोहीम पूर्ण झाल्यावर सर्वांनाच जादा बक्षीस मिळतं. नवखा आला की जुन्यांचा फायदा! दोन ओळींच्या सूचनेने ग्रुपचा सूर बदलतो, कारण अडाणी सोबती आता ओझं राहत नाही.

दुसरं उत्तर ‘वॉरक्राफ्ट’च्या २०१७मधल्या एका गुप्त मोहिमेत आहे. ‘लूसिड नाइटमेअर’ हा घोडा मिळवण्यासाठी चिठ्ठ्यांच्या मागावर जगभर फिरावं लागतं. ते सगळे टप्पे खेळाडूंनी मिळून सोडवले आणि लगेच लिहूनही ठेवले. शेवटचा टप्पा मात्र एक भुलभुलैया. खोलीमागून खोली, प्रत्येकीला चार दिशा, काही वाटा बुजलेल्या. कुठे रंगीत गोळा, कुठे त्याच रंगाचं चिन्ह, आणि गोळा चिन्हापर्यंत पोहोचवायचा. हा भुलभुलैया प्रत्येकासाठी वेगळा. म्हणजे गाइड दारापर्यंत नेतं, आत गेल्यावर कागद-पेन्सिल घेऊन आपला नकाशा आपणच काढायचा. तो नकाशा काढायला मदत करणारी साधनंही पुढे लोकांनी बनवली. तरीही चालायचं आणि नोंदायचं ज्याचं त्यालाच.

गाइडच्या मांडणीतही सुधारणेला जागा आहे. ‘झोर्क’ बनवणाऱ्या इन्फोकॉम कंपनीने १९८०च्या दशकात ‘इन्व्हिसिक्लूज’ नावाच्या पुस्तिका विकल्या. त्यात प्रश्न छापलेले असत, उत्तरं अदृश्य शाईत. सोबतच्या पेनने घासलं की आधी नुसता इशारा उमटे, पुढच्या ओळीत जरा अधिक, शेवटी पूर्ण उत्तर. कुठे थांबायचं हे वाचणारा ठरवी. आजच्या गाइडमध्ये बहुधा पहिल्याच ओळीत सगळं असतं. चाळीस वर्षांपूर्वी छापील कागदावर जमलेलं आज पडद्यावर जमवणं अवघड नाही, आणि ते केलं पाहिजे.

याउलट ब्लिझार्डने २०२५मध्ये ‘वॉरक्राफ्ट’मध्ये पुढचं कोणतं बटण दाबावं हे उजळवून दाखवणारी सोय आणली. त्याच वर्षी लढाईत मदत करणाऱ्या ॲडऑन्सवर मोठे निर्बंध आणत असल्याचंही जाहीर केलं. पहिला निर्णय नवख्याच्या बाजूचा आहे आणि दुसरा अंदाज घेणाऱ्याच्या, पण दोन्ही वरून आलेले.

खेळाडूंनी स्वतःही एक वाट काढली आहे. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये नव्या अवघड लढाईसाठी काही जण ‘ब्लाइंड’ अशी सूचना लावून माणसं जमवतात. अट एकच: कोणी काही वाचलेलं, पाहिलेलं नसावं, आणि असलंच, तर बोलू नये. हरल्यावर गटातले आठही जण थांबतात. राक्षसाने हात उचलला तेव्हा जमीन कोणत्या बाजूची पेटली, यावर वाद होतो, कोणी चुकीचा तर्क मांडतो, तो करून पाहिला जातो, पुन्हा सगळे मरतात. अशा गटात ‘आधी वाचून ये’ असं कोणी कोणाला म्हणत नाही, आणि ज्याला हे असं खेळायचं नाही त्याच्यासाठी शेजारच्याच यादीत व्हिडिओ पाहून आलेल्यांचा ग्रुप असतो.